हरळी पोसताना

वर्धा जिल्ह्यात हरळी मारणारे गावोगाव भेटतील. ती जगवायची कशी, हे विचारत फिरणारा मी एकटाच असेन. अंगणातली हिरवळ दोन-तीन वर्षांत विरळ होत गेली. गेल्या वर्षी मृगाच्या तोंडावर नीट पाहिले, तर कुठे टक्कल, कुठे लव्हाळा आणि मधोमध एक खळगा. रोज सकाळी अनवाणी फेऱ्या मारणाऱ्या आईचा पाय त्याच खळग्यात मुरगळला आणि ती आठवडाभर पलंगावर पडून राहिली. ‘फरशी बसवून टाका’ असा घरात एकमताने ठराव झाला. आई गप्प होती. पण गणपतीच्या दूर्वा तिने आजवर कधी विकत आणलेल्या नाहीत, हे मला ठाऊक होते.

कारण हरळी म्हणजेच दूर्वा. वनस्पतिशास्त्रात तिला सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणतात, आणि बाहेरच्या देशांत हीच बर्म्युडा गवत या नावाने मैदानांवर मिरवते. आमच्याकडे मात्र शेतकरी भर उन्हाळ्यात खोल नांगरून तिच्या काशा उन्हात तापवतो, वेचतो, धुऱ्यावर फेकतो. हल्ली तणनाशकही फवारतो. एवढे करूनही पेराचा एक तुकडा ओल्या मातीत राहिला, की तिथून मूळ फुटतेच. माझी अडचण ऐकून ओळखीचे एक शेतकरी पोट धरून हसले. ‘आमी वावरातून उपटून फेकतो, अन् तुमी इथं तिले पोसून रायले!’

हसण्यासारखेच होते. शेतात जी मरता मरत नाही, ती अंगणात का मरावी? उत्तर शोधता शोधता एकेक चूक माझ्याच पदरात पडली. मी रोज संध्याकाळी नळीने वरवर पाणी शिंपडत असे, त्यामुळे मुळे वरच राहिली आणि पहिल्या कडक उन्हात होरपळली. पाहुणे येणार म्हटले की गवत जमिनीलगत भादरायचो. एका वेळी पात्याचा तिसरा हिस्सा कापावा, फार नाही, हे उशिरा कळले. आणि सगळ्यांत मोठा शहाणपणा म्हणजे भर ऑगस्टमध्ये ओल्या जमिनीवर रोलर फिरवला. सपाट होईल म्हणून!

आमची माती काळी, बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यातल्या चिकणमातीचा स्वभावच असा, की पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, की भेगेत हात जावा अशी फाटते. पावसात त्या भेगा मिटतात, पण सगळीकडे सारख्या मिटत नाहीत. उंचवटे आणि खळगे तिथूनच येतात. ओली असताना दाबली, तर ती विटेसारखी घट्ट होते. मग मुळांना हवा नाही आणि पाण्याला वाट नाही. रोलरने मी नेमके हेच साधले होते.

म्हणून गेल्या वर्षी पाऊस पडल्यावर पेरणीसारखी वाफशाची वाट पाहिली. वाळलेले, गुंतलेले गवत दाताळ्याने ओढून काढले. सब्बलने वीतभर अंतरावर चार बोटे खोल भोके पाडली. रेती, चाळलेली माती आणि कुजलेले शेणखत कालवून अर्धा इंच थर पसरला. पात्यांची टोके वर दिसलीच पाहिजेत, नाहीतर गवत गुदमरते. खळगा मात्र वरून बुजवता येईना. तिथले गवत मुळांसकट गोधडी उचलावी तसे उचलले, खाली भर घातली आणि पुन्हा अंथरले.

टकलांसाठी एका नर्सरीवाल्याने कोरियन कार्पेट सुचवले. दिसायला ते गादीसारखे, पण वाढीला फार मंद. तेवढ्यात हसणारे तेच शेतकरी पोतेभर काशा घेऊन आले, धुऱ्यावर फेकलेल्या! लव्हाळ्याच्या गाठी निवडून टाकण्यात दोन दुपारी गेल्या. मग तीन-तीन पेरांचे तुकडे करून ओळीने लावले. कडुनिंबाखाली मात्र हट्ट सोडला. हरळीला लखलखीत ऊन लागते, सावलीत ती विरळ होणारच. तिथे विटा बसवल्या आणि आईची खुर्ची ठेवली.

पाण्याचे म्हणाल, तर एप्रिल-मेमध्ये मी ते बंदच ठेवतो. टँकरची वाट पाहणारी गावे आसपास असताना हिरवळीवर फवारा सोडणे मला प्रशस्त वाटत नाही. अंगण पेंढ्यासारखे पिवळे पडते, येणारे-जाणारे हळहळतात. पण काशा जमिनीखाली जिवंत असतात आणि दोन चांगल्या सरी आल्या, की आठ-दहा दिवसांत हिरवे टोक वर येते. यंदाही आले. खळगा पुन्हा बोटभर खचला आहे. त्यावर थर द्यायचे काम बाकी आहे.

गेल्या गणपतीला आईने विटांवर बसून एकवीस जुड्या बांधल्या, सगळ्या अंगणातल्याच. ते शेतकरी प्रसादाला आले होते. बोलता बोलता त्यांचे लक्ष शेवंतीच्या वाफ्याकडे गेले. हरळीचा एक धुमारा तिकडे सरकत होता. ते उठले, वाकले आणि सवयीने तो मुळासकट उपटून कुंपणापलीकडे फेकला.