कोराडीची राख, प्रथिनांचा फेस आणि पेटंटचा हक्क

नागपूरजवळील कोराडी येथे १९७४ पासून औष्णिक वीजनिर्मिती होत आहे. कोळसा जळल्यावर उरणारी राख कोठे खपवावी, हा अशा केंद्रांचा कायमचा प्रश्न. या राखेत सिमेंट, पाणी आणि फेस मिसळून बांधकामाचे हलके ठोकळे तयार होतात. फेसाचा द्रव पुष्कळदा प्रथिनांपासून करतात; त्यासाठी जनावरांची शिंगे व खूर चुन्यासारख्या द्रव्याने विघटित केली जातात. प्रथिनांचे रेणू बुडबुड्यांभोवती चिवट पापुद्रा धरतात, म्हणून मिश्रण आवळेपर्यंत फेस टिकतो. मात्र राखेत न जळलेला कोळसा अधिक असल्यास तो फेसद्रव्य शोषून घेतो आणि फेस बसतो.

समजा, एखाद्या लहान कारखानदाराने अशा राखेतही टिकणारा फेस तयार केला व मुंबईच्या पेटंट कार्यालयात अर्ज केला. परीक्षकाचा आक्षेप बहुधा ठरलेला असतो: राख माहीत होती, प्रथिनांचा फेसही माहीत होता, दोन्ही एकत्र आणणे त्या विषयातील जाणकाराला उघडच होते.

हा आक्षेप निराधार नव्हे. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए) नुसार शोधात पूर्वज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व असावे लागते, आणि तो जाणकाराला उघड नसावा लागतो. धातूच्या भांड्यांच्या यंत्रासंबंधीच्या विश्वनाथ प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली सांगितले की, कारखान्यातील नित्याची सुधारणा म्हणजे शोध नव्हे.

तेव्हा ‘आमचे मिश्रण नवे आहे’ एवढे म्हणणे पुरत नाही. नवेपणा आणि उघड नसणे या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. जुन्या लेखांत अशी राख टाळावी असे सुचविले असेल, तर ते दाखवावे. एकाच राखेत नेहमीचा फेस आणि नवा फेस घालून केलेल्या ठोकळ्यांची घनता व दाबसहनशक्ती शेजारी मांडावी. अनपेक्षित फरक आकड्यांत दिसला, तर युक्तिवादाला बळ येते. उत्तर हाती आल्यावर कोडे सोपे वाटते. परीक्षकही माणूसच आहे.

प्रतिकूल निर्णयापूर्वी अर्जदार सुनावणी मागू शकतो. कलम १५ खाली अर्ज नाकारला गेल्यास कलम ११७अ नुसार तीन महिन्यांत अपील करता येते. बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ मध्ये बरखास्त झाल्यापासून हे अपील उच्च न्यायालयापुढे जाते. अॅग्रीबोर्ड इंटरनॅशनल प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने ३१ मार्च २०२२ रोजी स्पष्ट केले की, पूर्वज्ञान काय होते, अर्जातील शोध काय आहे, आणि जाणकार एकापासून दुसऱ्यापर्यंत कसा पोहोचेल, या तिन्हींची चर्चा नकाराच्या आदेशात असली पाहिजे. ‘उघड आहे’ हे नुसते विधान म्हणजे कारणमीमांसा नव्हे. आदेश असा मोघम असेल, तर अपिलाचा तोच मुख्य मुद्दा ठरतो.

अर्जापूर्वी ठोकळ्यांची कृती मेळाव्यात वा वृत्तपत्रांत जाहीर केली, तर मात्र नवेपणच धोक्यात येते. हौसेने बोलावलेला वार्ताहर येथे महागात पडतो. पूर्वीची पेटंटे तपासण्यासाठी कोराडीकरांना दूर जावे लागत नाही. पेटंट माहिती यंत्रणा १९८० पासून नागपुरातच आहे.