चाई आणि रक्तातील खुणा

डोक्यावर रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा दिसला की घर अस्वस्थ होते; मुलगी लग्नाची असेल तर अधिकच. मग रक्तचाचण्यांची लांबलचक यादी हाती येते. त्यांतून नेमके काय कळते?

चाई म्हणजे शरीराच्या रक्षक पेशींनी आपल्याच केसांच्या मुळांवर केलेला हल्ला. टी-पेशी मुळांभोवती गोळा होऊन इंटरफेरॉन-गॅमा स्रवतात. त्याच्या प्रभावाने सीएक्ससीएल-१० सारखी प्रथिने तयार होतात व आणखी पेशींना पाचारण करतात. अनेक रुग्णांच्या रक्तात ही द्रव्ये वाढलेली आढळली आहेत. संशोधनाला या साखळीचा मोठा उपयोग झाला. तिच्यातील जेएके विकरांना रोखणारे बॅरिसिटिनिब हे औषध २०२२ मध्ये अमेरिकेत प्रौढांच्या तीव्र चाईसाठी मान्य झाले.

परंतु एका व्यक्तीपुरते हे आकडे फारसे बोलत नाहीत. निरोगी व रुग्ण यांचे आकडे एकमेकांत मिसळतात, साध्या विषाणूतापानेही ते चढतात. केस परत येतील का, हे सांगणारी रक्तचाचणी आज नाही. महागड्या यादीतही नाही. त्वचारोगतज्ज्ञ निदान बहुधा भिंगानेच करतात. चट्ट्याच्या कडेचे, मुळाकडे निमुळते होत गेलेले तुटके केस ही त्यांची खूण. थायरॉइडची चाचणी मात्र अनेकदा सार्थ ठरते, कारण तो विकार पुष्कळदा चाईच्या सोबतीने येतो.

केसाचे मूळ सहसा नष्ट होत नाही, त्यामुळे लहान चट्टे पुष्कळदा वर्षभरात आपोआप भरतात. चाई संसर्गजन्यही नाही. मुलीचा कंगवा वेगळा ठेवण्याचे कारण नाही.