भेट करमुक्त, पण व्याज कोणाचे?

नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर भरावा लागणार नाही, अशी घोषणा २०२५च्या अर्थसंकल्पात झाली आणि अनेक मध्यमवर्गीय घरांत एक नवा हिशेब मांडला जाऊ लागला. पतीचे उत्पन्न या मर्यादेच्या वर आणि पत्नीला स्वतंत्र उत्पन्न नाही. मग शिलकीची रक्कम पत्नीच्या नावे मुदत ठेवीत ठेवली, तर तिचे व्याज करमुक्त होईल, असा तो हिशेब. वरवर पाहता तो बिनचूक वाटतो. प्राप्तिकर कायद्याला मात्र तो मान्य नाही.

आपल्याकडे प्राप्तिकर व्यक्तीवर आकारला जातो. पती-पत्नींना एकत्रित विवरणपत्र भरण्याची सोय नाही. प्रत्येकाची करमर्यादा वेगळी. साहजिकच जास्त उत्पन्न असलेल्या व्यक्तीने आपले उत्पन्न घरातल्यांत वाटून दाखविण्याचा मोह होतो. त्याला आवर घालण्यासाठी कायदा दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारतो. दिलेल्या रकमेवर कर आहे का? आणि त्या रकमेतून पुढे होणारे उत्पन्न कोणाचे मानायचे? बहुतेकांचा गोंधळ होतो तो या दोन प्रश्नांची सरमिसळ केल्यामुळे.

भेटीवर कर कधी लागतो?

नातेवाइकाकडून मिळालेली भेट, रक्कम कितीही असो, पूर्णपणे करमुक्त असते. मात्र 'नातेवाईक' या शब्दाची कायद्यातील व्याख्या ठरलेली आहे. पती किंवा पत्नी, स्वतःची व जोडीदाराची भावंडे, आई-वडिलांची भावंडे, दोघांचेही आई-वडील, आजी-आजोबा, मुले, नातवंडे आणि या सर्वांचे जोडीदार तिच्यात येतात. चुलत, मावस, आते व मामेभावंडे येत नाहीत. यातून एक गमतीदार विसंगतीही निर्माण होते. काकाने पुतण्याला दिलेली भेट करमुक्त असते. पुतण्याने काकाला दिलेली नसते, कारण काकाच्या बाजूने पाहिल्यास पुतण्या या व्याख्येत बसत नाही.

नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेली एकूण रक्कम ५० हजार रुपयांपेक्षा अधिक झाली, तर केवळ वरचीच नव्हे, संपूर्ण रक्कम करपात्र ठरते. विवाहप्रसंगी वधू-वरांना मिळालेला आहेर याला अपवाद आहे. ही सवलत मुंज, बारसे, वास्तुशांत किंवा वाढदिवस यांना लागू नाही.

पत्नीच्या नावावरील ठेव

पतीने पत्नीला दिलेली रक्कम करमुक्त. परंतु त्या रकमेवरील व्याज, भाडे, लाभांश किंवा विक्रीचा नफा पतीच्याच उत्पन्नात मिळविला जातो. पत्नीने पतीला रक्कम दिली, तरी हाच नियम. यालाच उत्पन्नाचे एकत्रीकरण किंवा बोलीभाषेत 'क्लबिंग' म्हणतात. १९६१च्या कायद्यातील कलम ६४ मध्ये असलेला हा नियम, १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख असलेल्या २०२५च्या प्राप्तिकर कायद्यातही कायम ठेवण्यात आला आहे.

उदाहरणार्थ, आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये नव्या प्रणालीनुसार पतीचे करपात्र उत्पन्न १८ लाख रुपये आहे. त्याने पत्नीला १० लाख रुपये दिले आणि तिने ते सात टक्के दराने ठेवीत गुंतविले. वर्षाचे ७० हजार रुपये व्याज पतीच्या उत्पन्नात धरले जाईल आणि त्यावर २० टक्के दराने १४ हजार रुपये कर व चार टक्के अधिभार मिळून १४ हजार ५६० रुपये द्यावे लागतील. बँकेने पत्नीच्या नावे करकपात केली, म्हणून पतीची जबाबदारी संपत नाही.

मात्र हे एकत्रीकरण मूळ रकमेच्या उत्पन्नापुरतेच असते. पत्नीने ते ७० हजार रुपये पुन्हा गुंतविले, तर त्यावर मिळणारे ४ हजार ९०० रुपये तिचे स्वतःचे उत्पन्न होय. तसेच विवाहापूर्वी दिलेल्या रकमेला हा नियम लागू होत नाही. सासू-सासऱ्यांनी सुनेला दिलेल्या रकमेवरील उत्पन्न मात्र देणाऱ्याच्याच खात्यात जाते. दोन भावांनी एकमेकांच्या पत्नींना रकमा देण्यासारखा आडमार्गही उपयोगाचा नाही. 'प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष' असे हस्तांतरण कायद्याच्या कक्षेत येते.

मुलांच्या नावे गुंतवणूक

अठरा वर्षांखालील मुलांच्या उत्पन्नाबाबत नियम अधिक कडक आहे. पैसे आजोबांनी दिलेले असोत वा मावशीने, त्यांवरील व्याज आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक, त्याच्या उत्पन्नात मिळविले जाते. जुन्या करप्रणालीत यातून प्रत्येक मुलामागे जास्तीत जास्त १,५०० रुपयांची सूट मिळते. नव्या प्रणालीत तीही नाही.

मुलाने स्वतःच्या कष्टाने किंवा कलागुणांवर मिळविलेले उत्पन्न त्याचेच मानले जाते. मालिकेत काम करणाऱ्या बालकलाकाराचे मानधन पालकांच्या उत्पन्नात धरले जात नाही. पण त्या मानधनाच्या ठेवीवरील व्याज धरले जाते. ठरावीक प्रमाणातील अपंगत्व असलेल्या मुलांचे उत्पन्नही या नियमातून वगळण्यात आले आहे. सुकन्या समृद्धी योजना आणि सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी यांचे व्याज मुळातच करमुक्त असल्याने तेथे हा प्रश्न उद्भवत नाही.

आई-वडील आणि सज्ञान मुले

आई-वडिलांना किंवा अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना दिलेल्या रकमेवरील उत्पन्न त्यांचेच ठरते. वर्षाला तीन लाख रुपये निवृत्तिवेतन असलेल्या आईला मुलाने १० लाख रुपये दिले आणि तिला ७० हजार रुपये व्याज मिळाले, तर तिचे एकूण उत्पन्न ३ लाख ७० हजार रुपये होईल. नव्या प्रणालीत त्यावर कर नाही.

मात्र ही भेट खरी असली पाहिजे. रक्कम परत घेण्याचा हक्क राखून ठेवला, तर उत्पन्न पुन्हा देणाऱ्याचेच मानले जाते. भेट दिली की ती रक्कम घेणाऱ्याची झाली. पुढे ती कोणाला द्यायची, हे ठरविण्याचा अधिकारही त्याचाच. करातील काही हजार रुपयांच्या बचतीसाठी लाखो रुपये दुसऱ्याच्या नावे करताना याचा विचार आवश्यक आहे.

आई-वडिलांच्या मालकीच्या घरात राहून त्यांना भाडे दिल्यास घरभाडे भत्त्याची सवलत मिळू शकते, पण केवळ जुन्या प्रणालीत. भाडे प्रत्यक्ष दिलेले असावे आणि आई-वडिलांनी ते आपले उत्पन्न म्हणून दाखवावे.

हिंदू अविभक्त कुटुंब

अविभक्त कुटुंबाला स्वतंत्र करदात्याचा दर्जा आहे. तथापि सदस्याने स्वतःची मालमत्ता कुटुंबाच्या नावे केली, तर तिचे उत्पन्न त्या सदस्याचेच मानले जाते. शिवाय १२ लाखांपर्यंतचा कर शून्यावर आणणारी सूट केवळ निवासी व्यक्तींसाठी आहे. अविभक्त कुटुंबाला नव्या प्रणालीत चार लाखांची मूळ मर्यादा तेवढी मिळते. व्यक्तींनीही हे ध्यानात ठेवावे, की समभागांच्या विक्रीवरील विशेष दराच्या करासाठी ही सूट वापरता येत नाही.

दोघेही कमावते असतील तर

ज्या घरात पती-पत्नी दोघेही कमावते आहेत, तेथे एक साधा आणि पूर्णपणे कायदेशीर मार्ग उपलब्ध आहे. ज्याचे उत्पन्न अधिक, त्याने घरखर्च करावा. ज्याचे कमी, त्याने आपल्या पगारातून गुंतवणूक करावी. घरखर्च हे हस्तांतरण नव्हे आणि स्वतःच्या कमाईतून केलेली गुंतवणूक ज्याची त्याची. गृहिणीलाही माहेरहून मिळालेले पैसे किंवा विवाहापूर्वीची बचत स्वतःच्या नावे गुंतविता येते. त्याचे उत्पन्न पतीच्या माथी येत नाही.

यासाठी पैसा कोठून आला, याची नोंद हवी. संयुक्त खात्यात पहिले नाव कोणाचे, यापेक्षा रक्कम कोणाची, हे महत्त्वाचे. म्हणून भेट धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावी, साध्या कागदावर भेटपत्र करावे आणि माहेरचा पैसा, स्वतःचा पगार व पतीने दिलेली रक्कम शक्यतो वेगवेगळ्या खात्यांत ठेवावी. बँकांचे व्याज, लाभांश आणि समभागांचे व्यवहार आता वार्षिक माहिती विवरणात नोंदले जातात. उत्पन्न कमी दाखविल्यास त्यावरील कराच्या ५० टक्के आणि जाणूनबुजून चुकीचे दाखविल्यास २०० टक्के दंडाची तरतूद आहे. विवरणपत्र भरण्यापूर्वी घरातील प्रत्येक ठेवीपुढे, 'हे पैसे मुळात कोणाचे?' एवढ्या प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवले, तरी बहुतेक अडचणी टळतील.