इंजिन सुरू होतानाचा आवाज

मोटारीची किल्ली फिरविताच बॅटरीतील विद्युत्प्रवाह स्टार्टरकडे जातो. स्टार्टरचे लहान दंतचक्र इंजिनाच्या मोठ्या चक्रात अडकते व इंजिन फिरू लागते. या क्रियेत जेथे दोष असेल, त्याप्रमाणे आवाज बदलतो.

नुसतीच टकटक ऐकू आली, तर बॅटरी क्षीण झालेली असते किंवा तिच्या जोडण्यांवर गंज चढलेला असतो. जोडण्या घासून बॅटरी भारित करावी. कर्कश खरखर झाल्यास दंतचक्राचे दाते झिजलेले असण्याचा संभव असतो. स्टार्टर उतरवून तपासावा. इंजिन सुरू झाल्यावर क्षणभर ठकठक होऊन थांबली, तर तेल वर पोहोचण्यास विलंब होत आहे असे समजून तेलाची पातळी पाहावी.

परंतु एका प्रसंगी आवाजाची वाट पाहणेच घातक ठरते. चेन्नईच्या दक्षिणेकडील शोळिंगनल्लूरजवळ बकिंगहॅम कालवा व पळ्ळिकरणैची दलदल आहे. डिसेंबर २०१५ व डिसेंबर २०२३ मधील अतिवृष्टीत चेन्नईचे सखल भाग जलमय झाले. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या पिकअपच्या सिलिंडरांत हवेच्या वाटेने पाणी शिरू शकते. दट्ट्या हवेला सहज दाबतो. पाणी मात्र जवळजवळ दबत नाही. किल्ली फिरविताच ‘धप्’ असा आवाज होऊन इंजिन अडते. दट्ट्याचा दांडा वाकूही शकतो.

म्हणून किल्लीस हात न लावता बॅटरीची ऋण जोडणी सोडवावी व गाडी ओढून न्यावी. कारागिराने इंधनाच्या पिचकाऱ्या काढून, इंजिन हाताने सावकाश फिरवून पाणी बाहेर काढावे व तेल बदलावे.