वर्षभराचे दुसरे घर

रोटरी यूथ एक्स्चेंज हा रोटरी या सेवासंस्थेचा, १५ ते १९ वर्षांच्या मुलामुलींनी परदेशातल्या कुटुंबात राहून तिथल्या शाळेत शिकण्याचा कार्यक्रम आहे. १९२०च्या दशकात युरोपातल्या रोटरी क्लबांनी त्याची सुरुवात केली. मुंबईत रोटरी १९२९मध्ये आली. आज अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांतही रोटरी क्लब आहेत, आणि अर्ज करायचा तो घराजवळच्या क्लबाकडेच.

दीर्घ मुदतीचा कार्यक्रम दहा ते बारा महिन्यांचा असतो. विमानाचे तिकीट, व्हिसा आणि विमा यांचा खर्च आईवडिलांचा. राहणे-जेवण यजमान कुटुंबाकडे. यजमान त्याचे पैसे घेत नाहीत. वर्षभरात मूल बहुधा एकाहून अधिक घरांत राहते, त्यामुळे एकाच देशातली निरनिराळी घरे त्याला आतून पाहायला मिळतात. यजमान कुटुंबाबाहेरचा एक रोटेरियन, म्हणजे रोटरी क्लबाचा सदस्य, समुपदेशक म्हणून नेमलेला असतो. घरात काही बिनसले तर मुलाने त्याच्याशी बोलायचे. दारू, अमली पदार्थ, गाडी चालवणे आणि प्रेमप्रकरण या चार गोष्टींना बंदी असते. मूल क्लबाच्या बैठकांत आपल्या देशाविषयी बोलते, सेवाकार्यात हातभार लावते. अंगावरच्या ब्लेझरवर इतर देशांच्या मुलांकडून मिळालेल्या पिना वाढत जातात आणि वर्ष संपेपर्यंत तो चांगलाच जड होतो.

हा व्यवहार दुतर्फी आहे. इथून मूल जाते तसे तिकडचे इथे येते, आणि त्याला घर द्यावे लागते. पाहुण्याला स्वतंत्र पलंग हवा. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तेवढी जागा काढणे हा उपनगरातल्या कुटुंबाचा खरा त्याग, आणि त्याची दखल फार कमी घेतली जाते. ऑगस्टच्या सुमारास आलेल्या मुलाला लगेच गणपती भेटतात. मोदकाला कळ्या पाडताना उकडीची पारी फाटते, घरची आजी ती पुन्हा जुळवून त्याच्या हातात देते. भाषा येत नसताना झालेली ही पहिली ओळख. फास्ट लोकलमधून अंधेरीला उतरायचे तर आधीपासून दाराकडे सरकायला हवे, हेही तो लवकरच शिकतो.

मराठी घरांत पैशांइतकीच मोठी अडचण ‘वर्ष वाया जाईल’ या धास्तीची असते. महाराष्ट्र बोर्डाची दहावीची परीक्षा साधारण मार्चमध्ये संपते, उत्तर गोलार्धातल्या बऱ्याच देशांत शाळा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात. म्हणून दहावीनंतरचा काळ जाण्यास सर्वांत सोयीचा. तिथल्या वर्षाचे इथे गुण मिळतीलच असे नसते. बहुतेकदा परतल्यावर अकरावीत प्रवेश घ्यावा लागतो आणि सोबतीची मुले एक वर्ष पुढे गेलेली असतात. हे जाण्याआधीच घरात स्पष्ट बोलून घेतलेले बरे. मात्र सोळाव्या वर्षी परक्या भाषेत घर, शाळा आणि मित्र नव्याने जोडलेल्या मुलाचे ते वर्ष वाया गेले, असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.