आहे त्या सिस्टिममधून चांगला आवाज

डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव आटोपला की पुण्यातल्या कितीतरी घरांत दिवाणखान्यातली म्युझिक सिस्टिम खुपायला लागते. तंबोरे ऐकू येत नाहीत, डग्गा नुसता ढब ढब करतो आणि गायकाचा आवाज एका कोपऱ्यातून आल्यासारखा वाटतो. मग मोबाइलवर शोधाशोध सुरू होते, वॅटचे मोठमोठे आकडे समोर येतात आणि पंधरा-वीस हजारांत नवं काय मिळेल, याची चौकशी होते.

माझं ऐकाल तर खरेदी शेवटी ठेवावी. कानाला फरक ज्या क्रमाने जाणवतो त्याच क्रमाने पैसे खर्च करावेत: आधी मांडणी आणि खोली, मग जोडण्या आणि दुरुस्ती, मग स्पीकर, आणि त्यानंतर ॲम्प्लिफायर. दुकानात हा क्रम सहसा उलटा सांगितला जातो. पहिल्या दोन कामांत विकण्यासारखं फारसं काही नसतं, हे त्याचं साधं कारण.

सुरुवातीला आपल्या कानात पक्की बसलेली दोन रेकॉर्डिंग निवडा. त्यातलं एक अलीकडचं, स्टिरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरला वेगवेगळा आवाज देणारं असावं. दुसरं मुद्दाम जुनं घ्या. बालगंधर्व किंवा हिराबाई बडोदेकर यांच्या ७८ गतीच्या तबकड्यांवरून उतरवलेली पदं मोबाइलवर सहज मिळतात. ती मोनो आहेत, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून तंतोतंत एकच आवाज येतो. सगळं नीट जुळलेलं असेल, तर हा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधल्या रिकाम्या जागेतून आल्यासारखा वाटतो. पुढचं प्रत्येक काम झालं की हेच पद पुन्हा लावायचं.

आता मांडणी. आपल्याकडे एक स्पीकर शोकेसवर आणि दुसरा फ्रिजशेजारी असं सर्रास दिसतं. त्याहून वाईट म्हणजे दोन्ही टीव्ही युनिटच्या खणांत कोंबलेले. खणात ठेवलेल्या स्पीकरबरोबर तो खणही वाजतो आणि पुरुषी आवाज घशात अडकल्यासारखा होतो. दोन्ही स्पीकर बाहेर काढा. दोघांमध्ये सहा-सात फूट अंतर ठेवा आणि आपणही प्रत्येकापासून साधारण तितक्याच अंतरावर बसा. तीन बाजू सारख्या असलेला त्रिकोण झाला की काम झालं.

उंचीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. वरचे स्वर वाजवणारा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, आपल्या कानाच्या पातळीला हवा. सोफ्यावर बसणाऱ्यासाठी ही उंची तीन-सव्वातीन फूट भरते. सतरंजी टाकून भारतीय बैठकीत ऐकायची सवय असेल तर अडीच फूट पुरते. कपाटावर चढवलेल्या स्पीकरचे वरचे स्वर डोक्यावरून निघून जातात, आणि तंबोऱ्याचं झंकारणं नेमकं त्या स्वरांमध्येच असतं.

स्पीकर भिंतीला चिकटवू नका, आणि कोपरा तर नकोच. भिंत खालचे स्वर फुगवते आणि कोपरा ते आणखी फुगवतो. फूटभर पुढे ओढलं तरी डग्ग्याची घुमक वेगळी आणि गोलसर ऐकू येते. स्पीकरच्या मागे हवा बाहेर सोडणारं भोक असेल, तर अंतर आणखी थोडं वाढवा.

काही सूर मात्र स्पीकर कितीही हलवले तरी गुंजतच राहतात. तो खोलीच्या मापाचा गुण असतो. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५६ कंपनांचा स्वर अडकून फुगतो. बारा फुटांमध्ये हेच ४७च्या आसपास होतं. पैसे देऊन यावर इलाज होत नाही, बसायची जागा बदलून होतो. पाठ भिंतीला टेकवून बसत असाल, तर खुर्ची दोन फूट पुढे घेऊन पाहा.

मग खोलीच्या मध्यावर उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. मागोमाग ‘टर्रर्र’ असा धातूसारखा आवाज आला, तर खोली फार कडक आहे. नव्या सोसायट्यांतल्या व्हिट्रिफाइड टाइल्स, काचेच्या सरकत्या खिडक्या आणि गुळगुळीत प्लास्टर यांच्यात असंच होतं. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या खोल्यांत, लाकडी तक्तपोशी आणि मातीच्या भिंतींमुळे, हा त्रास कमी असायचा. जाड पडदा, स्पीकर आणि आपण यांच्यामध्ये अंथरलेली सतरंजी किंवा जाजम, आणि मागच्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट एवढ्याने बराच फरक पडतो. भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवण्याच्या फंदात मात्र पडू नका. ते फक्त वरचे स्वर थोडेफार विखुरतात, खालचा गुंजारव तसाच राहतो, आणि पुठ्ठा पेट पटकन घेतो.

इथवर पैसे जवळजवळ लागलेच नाहीत. आता जोडण्या पाहू.

मोनो पद लावल्यावर आवाज मध्यातून न येता खोलीभर पसरलेला, पोकळ वाटला आणि डग्गा गायब झाला, तर एका स्पीकरच्या वायरी उलट्या लागल्या आहेत असं समजा. ॲम्प्लिफायरच्या लाल टोकाकडची वायर स्पीकरच्याही लाल टोकाला जायला हवी. एका बाजूला उलटं झालं की एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. दोन्ही वायरी एकाच रंगाच्या असल्या की ही चूक हमखास होते.

स्पीकरवर लाल-काळी खूणच नसेल, तर घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या. स्पीकरच्या वायरी ॲम्प्लिफायरपासून सोडवा आणि सेलची दोन टोकं त्या वायरींना क्षणभर टेकवा. मोठा पडदा, म्हणजे वुफर, किंचित बाहेर आला, तर सेलच्या धन टोकाला लागलेली वायर लाल. आत गेला, तर उलट. सेल धरून ठेवू नका, नुसता टेकवा.

वायरवर फार खर्च करायची गरज नाही. सिस्टिमसोबत आलेली वायर केसासारखी बारीक असते, ती बदलावी हे खरं. पण त्यासाठी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन दीड स्क्वेअर एमएमची, दोन पदरी, लवचीक तांब्याची वायर मीटरवर मोजून घ्या. पाच मीटर वायरीचा जाऊन-येऊन विरोध ओहमच्या आठव्या भागाइतकाच भरतो, आणि आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. चकचकीत पॅकिंगमधली महागडी ‘ऑडिओ’ वायर याहून जास्त काही करत नाही, हे मी वाद घालायच्या तयारीने लिहितोय. फक्त वायर घेताना एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे.

वायरीचं टोक अर्धा इंच सोला आणि तारा पिळून घट्ट करा. सुटलेली एकच तार शेजारच्या टोकाला टेकली, तरी शॉर्ट होऊन ॲम्प्लिफायर जळू शकतो. नव्या ॲम्प्लिफायरच्या कितीतरी तक्रारींच्या मुळाशी हीच एक तार असते.

आता दुरुस्ती. स्पीकरची जाळी काढून वुफरच्या कडेचं वर्तुळ बोटाने हलकेच दाबून पाहा. फोमचं असेल तर दहा-पंधरा वर्षांत त्याचा भुगा होतो आणि आवाज फाटतो. स्पीकर टाकून द्यायची घाई करू नका. ही कड नव्याने चिकटवून देणारे कारागीर आजही आहेत, आणि नव्या स्पीकरच्या मानाने खर्च थोडा येतो. रबरी कड असेल तर ती बहुधा शाबूत निघेल.

व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर होत असेल, तर त्याच्या आत धूळ आणि गंज साचलेला असतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आत मारून बटण वीस-पंचवीस वेळा पुरतं फिरवलं की बहुतेक वेळा काम होतं. मात्र त्यासाठी ॲम्प्लिफायर उघडावा लागतो. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या नळकांड्यांमध्ये, धक्का देण्याइतकी वीज राहू शकते. सवय नसेल तर हे काम मेकॅनिककडेच द्या.

गाणं बंद असतानाही ‘हूंऽऽ’ असा गुंजारव येत असेल, तर एकेक जोडणी काढून पाहा. टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सची केबल काढल्यावर तो थांबला, तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा आहे: दोन यंत्रं दोन वेगवेगळ्या वाटांनी जमिनीला जोडली गेली आहेत. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेऊन पाहा. आवाज जातो म्हणून प्लगची मोठी पिन तोडणारे लोक आहेत. तसं कदापि करू नका, ती पिन आपल्या जिवासाठी असते.

एवढं करून आठवडाभर ऐका. तरीही समाधान झालं नाही तर पाकीट काढायला हरकत नाही. हातात असलेल्या रकमेतला निम्म्याहून जास्त भाग स्पीकरसाठी ठेवा.

स्पीकर घेताना वॅटपेक्षा सेन्सिटिव्हिटीचा आकडा पाहा. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती मोठा आवाज निघतो, ते तो डेसिबलमध्ये सांगतो. तीन डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट वीज, सहाचा म्हणजे चौपट. ९० डेसिबलचा स्पीकर २० वॅटमध्ये जेवढा वाजतो, तेवढंच वाजायला ८४ डेसिबलच्या स्पीकरला ८० वॅट लागतात. स्पीकरवर शंभर रुपये शहाणपणाने घातले की ॲम्प्लिफायरचे पाचशे कसे वाचतात, ते इथे दिसतं.

पुण्यात जुन्या मालाचा पर्याय चांगला आहे. मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, तिथे आणि ऑनलाइनही जुने स्पीकर निघतात. जाताना एक साधा मल्टिमीटर खिशात टाका. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर सहा-सात दाखवतो. काहीच आकडा आला नाही तर आतली तार तुटलेली आहे. मग दोन्ही हातांच्या बोटांनी पडदा सगळीकडून सारखा, हळूच आत दाबा. घासल्याचा आवाज आला तर तो स्पीकर कितीही देखणा असो, परत ठेवा.

जुना परदेशी ॲम्प्लिफायर दिसला तर आधी त्याची मागची पट्टी वाचा. जपानच्या बाजारासाठी बनलेला १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेचा १२० व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो सरळ लावला की खेळ खलास. चालवायचाच असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, तेव्हा भाव करताना त्याचीही किंमत धरा.

नवा ॲम्प्लिफायर घ्यायचा तर तळहाताएवढे ‘क्लास डी’ ॲम्प्लिफायर आता स्वस्त मिळतात आणि छोट्या खोलीला ते खरोखर पुरतात. खोक्यावरच्या आकड्यावर मात्र जाऊ नका. ‘१०० अधिक १०० वॅट’ असं छापलेलं असेल, तर सोबतचा अडॅप्टर उलटा करून पाहा. त्यावर २४ व्होल्ट, ४ अँपिअर लिहिलं असेल, तर गुणाकार झाला ९६. अडॅप्टरच ९६ वॅट देतो, तर बाहेर २०० कुठून येणार? प्रत्येक स्पीकरला चाळीसच्या आसपास मिळाले तरी पुष्कळ. पीएमपीओ नावाचा हजारोंचा आकडा तर वाचूसुद्धा नका, आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी शक्ती, तेवढी विचारा. दहा बाय बाराच्या खोलीत शांतपणे ऐकताना सरासरी एक वॅटसुद्धा खर्ची पडत नाही.

स्पीकरवरचा ओहमचा आकडाही जुळायला हवा. ॲम्प्लिफायरवर ‘किमान ८ ओहम’ लिहिलं असताना एकाच जोडणीला आठ ओहमचे दोन स्पीकर लावले की भार चार ओहमचा होतो. मग तो तापतो, मधेच बंद पडतो किंवा जळतो. हॉलमध्ये दोन आणि बाल्कनीत दोन अशी हौस करताना नेमकं हेच घडतं.

आता गाणं येतं कुठून ते पाहू. मोबाइलवरून ब्लूटूथने ऐकणं सोयीचं आहे, पण आवाज थोडा दाबून पाठवला जातो. जमेल तिथे तार वापरा. टीव्हीचा आवाज सिस्टिमवर घेताना डिजिटल तार लावूनही काहीच ऐकू आलं नाही, तर टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडा. टीव्ही डॉल्बीच्या सांकेतिक रूपात आवाज पाठवत असतो आणि समोरच्या साध्या यंत्राला तो उलगडत नाही.

घरात आजोबांच्या एलपी असतील आणि रेकॉर्ड प्लेअर पुन्हा सुरू करायचा असेल, तर तो ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’मध्ये सरळ लावू नका. सुईतून निघणारा विजेचा इशारा काही मिलिव्होल्टचाच असतो, शिवाय तबकडी कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि वरचे वाढवलेले असतात. त्यामुळे आवाज बारीक आणि किरटा येतो, आणि लोक समजतात की सुई गेली. ‘फोनो’ असं लिहिलेली जागा हवी, नसेल तर मध्ये छोटा फोनो प्रीॲम्प बसवावा लागतो. प्लेअरमधून निघणारी एकटी, बारीक वायर लोंबकळत ठेवू नका. ॲम्प्लिफायरच्या किंवा प्रीॲम्पच्या मागे ‘जीएनडी’ लिहिलेला स्क्रू असतो, त्याखाली ती कसून टाका, नाहीतर मघाचा तो गुंजारव परत सुरू होईल.