कृषिशास्त्रज्ञाचे मोल कोणत्या मापाने?

सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांतील संशोधकांनी आपल्या कामाचा हिशेब द्यावा, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो मापाचा. निवड, बढती आणि अनुदान यांच्या वेळी आज जे माप सर्रास पुढे केले जाते, ते म्हणजे एखाद्या शास्त्रज्ञाच्या निबंधांचा उल्लेख इतर शास्त्रज्ञांनी आपल्या निबंधांत किती वेळा केला, याची मोजदाद. अन्य शास्त्रांना हे माप कितपत लागू पडते, ते त्या त्या विषयांच्या जाणकारांनी सांगावे. शेतीच्या संशोधनाला मात्र ते अंगाला न बसणाऱ्या उसन्या अंगरख्यासारखे झाले आहे.

या मोजदादीचा उगम निराळ्याच हेतूत आहे. अमेरिकेत वकिलांच्या सोयीसाठी १८७३ पासून एक सूची निघत असे. एखाद्या निवाड्याचा पुढे कोणी आधार घेतला, कोणत्या न्यायालयाने तो फिरविला, हे तीवरून कळे. हीच युक्ती विज्ञानाला लावावी, असे यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये सुचविले आणि १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' प्रसिद्ध होऊ लागला. चुकीच्या निष्कर्षावर कोणी अजाणता विसंबू नये, एखाद्या कल्पनेचा माग पुढे कोठवर गेला ते सापडावे, ही त्यामागील मूळ दृष्टी. शोधण्याचे हे साधन हळूहळू तोलण्याचे साधन झाले. २००५ मध्ये जॉर्ज हर्श या पदार्थवैज्ञानिकाने 'एच-निर्देशांक' मांडला. ज्याच्या २० निबंधांचा प्रत्येकी किमान २० वेळा उल्लेख झाला आहे, पण २१ निबंधांचा प्रत्येकी २१ वेळा झालेला नाही, त्याचा निर्देशांक २०. उभ्या आयुष्याची मेहनत एका आकड्यात मावू लागली. निवड समित्यांना याहून सोयीचे काय हवे? या निर्देशांकाचे परिणाम घातकही होऊ शकतात, असे २०२० मध्ये खुद्द हर्श यांनीच लिहिले. पण तोवर त्याने अर्जाच्या नमुन्यांत ठाण मांडले होते.

मुळात हा आकडा सांगतो तरी काय? २०१४ मध्ये झालेल्या एका मोजणीत सर्वाधिक उल्लेखांचा मान ऑलिव्हर लाउरी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९५१ च्या निबंधाला मिळाला. हे उल्लेख तीन लाखांहून अधिक होते. प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची एक रीत त्यात सांगितली आहे. ती रीत वापरणारा संशोधक तिचा हवाला देतो, आणि प्रथिने तर जगभरच्या प्रयोगशाळांतून रोजच मोजली जातात. रीत उपयुक्त खरीच. परंतु हा काही थोर निबंध नव्हे, हे लाउरी स्वतःही जाणून होते.

याउलट गव्हाची कथा पाहावी. गोंजिरो इनाझुका यांनी सिद्ध केलेला 'नोरिन १०' हा बुटका गहू जपानमध्ये १९३५ साली प्रसारित झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचे बियाणे अमेरिकेत गेले. तेथे ऑरव्हिल व्होगेल यांनी त्याचे संकर केले, आणि व्होगेल यांच्याकडून ते बियाणे मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्या हाती आले. ताट आखूड असल्यामुळे भरपूर खत देऊनही पीक लोळत नसे. त्याच वंशाच्या वाणांनी १९६० च्या दशकात भारत व पाकिस्तानातील गव्हाचे उत्पादन पालटून टाकले, आणि १९७० मध्ये बोरलॉग यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या बुटकेपणामागील जनुकांचा उलगडा करणारा निबंध 'नेचर'मध्ये आला तो १९९९ साली. त्याचे उल्लेख हजारांच्या घरात आहेत, आणि ते योग्यच आहे. पण ज्याने ते बियाणे सिद्ध केले, त्या इनाझुकांच्या खाती असे किती उल्लेख जमा होणार? शेतकरी पेरणी करताना तळटीप लिहीत नाही!

आपल्याकडील उदाहरण हवे असेल तर मालदांडीचे घ्यावे. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या केंद्रावर १९३० च्या दशकात स्थानिक ज्वारीतून निवडलेला 'मालदांडी ३५-१' आजही दख्खनच्या कोरडवाहू रानात उभा राहतो आणि नव्या वाणांची तुलना आजही त्याच्याशीच होते. पण रब्बी ज्वारी पिकते ती मुख्यतः महाराष्ट्रात व कर्नाटकात. तिचे अभ्यासक थोडे, म्हणून तिच्यावरील निबंधांचा उल्लेख करणारेही थोडे. मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या तणावर लिहावे, तर जगभरचे वाचक तयार. नोकरीच्या शोधातील तरुण संशोधकाने यांतून काय निवडावे, अशी आपली अपेक्षा आहे?

काळाचा हिशेबही असाच उफराटा. नियतकालिकाचा 'इम्पॅक्ट फॅक्टर' दोन वर्षांपूर्वीपर्यंतच्याच निबंधांवर काढतात. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये दिलेल्या 'रत्ना' आंब्यासारखे काम या मुदतीत कसे बसावे? संकराच्या कोयीपासून वाढलेल्या रोपाला पहिले फळ धरायलाच दोन वर्षांहून कितीतरी अधिक काळ लागतो.

मोजदाद अजिबात नको, असे कोणी म्हणू नये. तसे केले तर वशिल्याला रान मोकळे होईल. परंतु स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला संरक्षण द्या, असे २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटले आहे. त्यासाठी लागणारी काही माहिती आपल्या दप्तरांत आहेच. कोणत्या वाणाचे किती पैदासकार बियाणे हवे, ही मागणी राज्ये दरवर्षी केंद्राकडे नोंदवितात. वाण सिद्ध करणाऱ्या शास्त्रज्ञाच्या बढतीचा विचार करताना समितीने एच-निर्देशांकाशेजारी हा आकडाही मागवून घ्यावा.